टाकीत सोडलेला दिवा

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून अंगणाच्या एका कोपऱ्यावर मी कधी पाय दिला नाही. तिथे तीन मोठ्या फरश्या आहेत, बाकी अंगणापेक्षा बोटभर उंच. त्यांच्यावरून कुणी चाललं की पोकळ आवाज यायचा. खाली संडासची टाकी होती. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हाच बांधलेली, पक्क्या विटांची, माणूस आत उभा राहिला तर डोकंही वर दिसणार नाही एवढी खोल.

सासूबाई त्याच फरश्यांवर मिरच्या वाळवायच्या, कारण तिथे ऊन चांगलं येतं. मिरच्या हलवायला मला सांगितलं की मी कडेला उभी राहून लांब काठीने हलवायची.

"वाघ बठेल शे का तठे?" सासूबाई विचारायच्या.

मी नुसती हसायची. काय सांगणार? मला विहिरीची भीती वाटत नाही. विहीर उघडी असते, आतलं पाणी दिसतं. टाकी झाकलेली. आपण वर जेवतो, निजतो, पाहुण्यांना चहा देतो आणि खाली ते साचत असतं, हे माझ्या मनातून जायचं नाही.

मी मुळातच भित्री आणि लाजरी. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि एवढ्या अनोळखी माणसांत एसटीत बसायच्या भीतीने मी रडायची. घरच्यांनाही मुलगी घरात राहिली ते बरंच वाटलं. सासरी आल्यावर तर बोलायची गरजच पडली नाही. घरात सासूबाई, माझे जेठ म्हणजे थोरले दीर, जेठाणी, आम्ही दोघं आणि आमची मुलगी. सासरे गेल्यापासून घरातलं सगळं जेठ ठरवतात. ते ओट्यावर आले की खाकरतात, मी डोक्यावर पदर घेते आणि आत जाते. त्यांचं ताट सासूबाईंच्या हातून जातं. चुकून माझ्या पदराचा स्पर्श त्यांना झाला तरी हात जोडायचे, ही आमच्याकडची रीत. जेठ वाईट नाहीत. कधी चढा शब्द बोलले नाहीत. पण इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी सरळ एक वाक्य बोलले नव्हते.

आमचं गाव तापीच्या काठाला आहे. खाली बंधाऱ्याने पाणी अडवल्यापासून नदी वाहताना दिसत नाही, तलावासारखी थांबून असते. गावातल्या सगळ्या गटारी नाल्यात जातात आणि नाला नदीत. पूर्वी वाहून जायचं ते आता घाटापाशीच थांबायला लागलं. पाण्यावर करडा फेस आणि खाली शेवाळ. ऋषिपंचमीला आम्ही बायका घाटावर आंघोळीला जायचो, ते बंद झालं. पाय पाण्यात घातला की खाज सुटायची. म्हणून नगरपालिकेने भुयारी गटारीचं काम काढलं. रिक्षावर भोंगा लावून माणूस गावभर सांगत फिरला की प्रत्येक घराने नव्या लाइनीला जोडणी करून घ्यावी आणि जुन्या टाक्या रिकाम्या करून बुजवाव्यात.

टाकी बुजणार, हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण बुजवायची म्हणजे आधी उघडायची, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

आमच्या गल्लीत जेसीबी आला तेव्हा मांडणीवरचे डबे वाजायला लागले. भिंतीचा पोपडा गळून पिठात पडला. दारासमोर माणसाहून खोल चर खणला गेला आणि त्यावर दोन फळ्या टाकल्या. त्या फळ्यांवरून दळण आणायचं, मुलीला शाळेत सोडायचं. चराच्या तळाशी काळं पाणी झिरपत असायचं. फळीच्या मध्यावर गेले की फळी वाकायची आणि माझ्या पोटात गोळा यायचा. मुलगी मात्र फळीवर मुद्दाम उड्या मारायची.

माझ्या नवऱ्याला मी "हे"च म्हणते, तसंच लिहिते. हे दुधाची कॅन डोक्यावर घेऊन त्या फळ्यांवरून असे जायचे जसं बांधावरून चाललेत. ह्यांना खोलीची भीती नव्हती. दोघा भावांची सगळी हयात विहिरीच्या कामात गेली. शेतात आमची जुनी विहीर आहे. गाळ काढायचा, मोटार बसवायची, पाइपाच्या तोंडाचा फुटवाल अडकला तर मोकळा करायचा, ही कामं हेच करत. जेठ काठावर बसत.

त्याची एक पद्धत होती. आधी पत्र्याच्या डब्यात पणती पेटवून, डब्याला सुतळी बांधून ती विहिरीत सोडायची. तळापर्यंत पणती जळत राहिली तर हवा चांगली. विझली तर उतरायचं नाही. निंबाचा पाला बांधून दोराने खाली-वर करायचा, हवा हलवायची आणि मग पुन्हा दिवा सोडायचा. एका उन्हाळ्यात अर्ध्यावरच पणती विझलेली मी स्वतः पाहिली आहे. त्या दिवशी दुपारपर्यंत कुणी उतरलं नाही. सासरेही असंच करायचे आणि त्यांचे वडीलही. दिव्याने आमच्या घराला कधी फसवलं नव्हतं.

आणि माणूस आत असला की काठावरच्याने सारखी हाक द्यायची. जेठ वरून विचारायचे, "शे का?", म्हणजे आहेस का, आणि खालून ह्यांचा आवाज यायचा, "शे!" काम चालू असेपर्यंत हे चालायचं. मी भाकरी घेऊन शेतात जायची तेव्हा लांबूनच ते ऐकू यायचं. शे का? शे. शे का? शे. ते ऐकलं की मी निवांत पावलं टाकायची.

ज्या दिवशी टाकी उघडली त्या दिवशी जेठाणी घरी नव्हत्या. विसरवाडीला त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं. आमची मुलगी शाळेत गेली होती. मैला उपसणारी गाडी गल्लीत येऊच शकत नव्हती, कारण गल्लीभर चर. ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं होतं की चर आता बुजवणार, ज्यांची जोडणी राहील त्यांची राहील. मग जेठांनी ठरवलं की शेतातला गाळ उपसायचा पंप आणायचा, टाकी आपणच उपसायची आणि पाणी मागच्या नाल्यात सोडायचं.

सासूबाई म्हणाल्या, "नदीनी घाण कमी करासाठे लाइन करी ऱ्हायनात, नी तुम्ही आखो नदीमाच सोडा!"

जेठ म्हणाले, "शेवटनी एक येळ, माय. उद्यापाशीन तुन्ही नदी काच सारखी."

पहारीने फरशी उचलली. तो वास मी कसा सांगू? सडलेल्या अंड्यांचा वास, पण घशाला चावणारा. मी पदर नाकाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. पंप सुरू झाला, पाइप फुगला, मागे नाल्यात धो धो आवाज आला. बराच वेळ सगळं ठीक चाललं. मग पंपाचा आवाज बदलला, चिरका झाला आणि पाइप चपटा पडला. पाइपाचं तोंड खाली गाळात रुतून बसलं होतं, कापूस-चिंधीने भरलं होतं. वरून ओढून पाहिलं, निघेना.

"उतरना पडी," हे म्हणाले. अगदी शेतात म्हणतात तसं.

नको म्हणायचं होतं. पण जेठ समोर, त्यांच्यासमोर नवऱ्याशी बोलायची मला सवय नव्हती. मी सासूबाईंच्या कानात म्हटलं, "त्यास्ले सांगा ना, नका उतरू."

सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "ही भी ऱ्हायनी रे! सकायपाशीन चूल नही पेटाडी हिनी."

दोघं भाऊ हसले. जेठांनी देवघरातली पणती मागवली. तेवढी काळजी ते घेत होते, हे मला लिहायलाच हवं. निष्काळजी माणसं नव्हती ती. डब्यात पणती ठेवली, सुतळीने हळूहळू टाकीत सोडली. आम्ही सगळे कडेला येऊन पाहत होतो. पणती विझली नाही. उलट ज्योत थोडी लांब झाली, टोकाला निळसर दिसली.

"देख," जेठ म्हणाले, "दिवा तं आखो वाढना! हवा चांगली शे."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे झालं ना आता समाधान. खरं सांगते, मलाही थोडा धीर आला. दिवा जळतो आहे म्हटल्यावर माझ्याजवळ बोलायला काय उरलं? पण भीती काही गेली नाही. मी गोठ्यात गेले आणि खुंटीवरचा दोर घेऊन आले.

त्या दोराची घरात थट्टाच होती. जेठ एका वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घ्यायला गेले होते. घोडी काही जमली नाही, पण रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून घोडी बांधायचा सुती दोर घेऊन आले. चांगला जाड, पांढरा, लाल गोंडे लावलेला. "घोडी नही उनी, दोर उना," असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या.

मी तो दोर टाकीपाशी नेऊन ठेवला. खाली ठेवला आणि मागे सरले.

हे हसायला लागले. "अवं, एवढीशी टाकी! विहीर शे का ती? माले घोडी समजी ऱ्हायनी का तू?"

जेठ म्हणाले, "बांधी ले भाऊ. घोडी नही ते नही, दोर तरी कामे ई."

हसत हसत ह्यांनी तो दोर काखेखालून छातीला बांधला. मला खूश करायलाच बांधला. लाल गोंडा पाठीवर लोंबत होता. दुसरं टोक जेठांनी हाताला गुंडाळलं नाही, नुसतं फरशीवर टाकून दिलं. एवढ्याशा खोलीला कोण दोर धरतो? मी पुढे होऊन ते टोक उचललं आणि अंगणातल्या निंबाच्या झाडाला एक वेढा देऊन धरून उभी राहिले. जेठांच्या इतक्या जवळ मी कधी उभी राहिले नव्हते. पदर पार हनुवटीपर्यंत ओढला होता, मला नीट दिसतही नव्हतं.

हे शिडीवरून उतरले.

"शे का?" जेठांनी विचारलं.

"शे!" आवाज घुमून आला. मग म्हणाले, "वास ते कमी व्हई ग्या भो. काहीच वास नही येत आते."

"शे का?"

"शे."

"सापडनं का तोंड?"

"सापड—"

मग काहीतरी पडल्याचा आवाज झाला. जड, मऊ. पोतं चिखलात पडावं तसा.

"शे का?" जेठ म्हणाले. "अरे, शे का?"

काही नाही.

पंप बंद होता. गल्लीत जेसीबी बंद होता. माझ्या हातातला दोर ताणला गेला होता आणि मग सैल पडला. जेठ गुडघ्यावर बसून आत वाकले, त्यांनी ह्यांच्या नावाने एक हाक मारली आणि काही विचार न करता पाय आत टाकला. शिडीच्या पहिल्या पायरीवर त्यांचं पाऊल टेकलं.

मला गॅस वगैरे काही ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मला फक्त एवढं कळलं की दोघेही भाऊ आत गेले तर वर मी आणि सासूबाई, आणि आम्ही दोघी मिळून एकालाही ओढू शकणार नाही. दोर झाडाला वेढा देऊन तसाच टाकला आणि धावत जाऊन मी जेठांना धरलं. दोन्ही हातांनी, पाठीमागून, कमरेला मिठी मारून. पदर कुठे गेला ते मला माहीत नाही. मी अंगाचं सगळं वजन मागे टाकलं आणि ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"दादा, उतरू नका! दोर वढा! दोर वढा, दादा!"

"सोड!" ते ओरडले. "मन्हा भाऊ शे तो!"

"दोर बांधेल शे! वरथून वढा!"

ते मला झटकत होते आणि मी सुटत नव्हते. त्यांच्या सदऱ्याचं कापड फाटलं. मग एकदम त्यांचं अंग ढिलं पडलं. त्यांना दोर दिसला असावा. त्यांनी पाय वर घेतला आणि आम्ही दोघांनी दोर धरला. सासूबाई मागून आल्या, त्यांनीही धरला. म्हातारं माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या हातात कुठून बळ आलं कोण जाणे. आम्ही ओढत होतो आणि तिकडून काहीच मदत होत नव्हती. जिवंत माणूस ओढताना थोडं तरी अंग उचलतो. हे पाण्यात भिजलेल्या लाकडासारखे येत होते. मला वाटलं, संपलं.

तोंडाशी खांदे अडकले. जेठ पालथे पडले, श्वास धरून हात आत घातले आणि बगलेत धरून ह्यांना बाहेर खेचलं. चेहरा ओळखू येत नव्हता. ओठ जांभळे. सासूबाई ह्यांच्या तोंडातला गाळ पदराने पुसत होत्या आणि "मन्हा राजा, मन्हा राजा" म्हणत होत्या. आमची ओरड ऐकून चराच्या कामावरचे मजूर फळ्यांवरून पळत आले. त्यातला एक पुढे झाला, टाकीच्या तोंडाकडे न जाता लांबूनच त्याने विचारलं, "अंदर और कोई तो नहीं?"

तो प्रश्न मला आजही ऐकू येतो. भांडी घासताना, पीठ मळताना. अंदर और कोई तो नहीं? म्हणजे असं होतं. एकामागे एक जातात. त्याने पाहिलेलं असणार, म्हणून विचारलं.

गाडी दारापर्यंत येऊ शकत नव्हती. त्याच चरामुळे. मजुरांनी ह्यांना खाटेवर घेतलं आणि त्या वाकणाऱ्या फळ्यांवरून चौघांनी खाट पलीकडे नेली. मी मागून गेले. त्या दिवशी फळीच्या मध्यावर माझ्या पोटात गोळा आला की नाही, मला आठवत नाही. रस्त्यावर दुधाची पिकअप उभी होती, तिच्यात घालून नंदुरबारला नेलं. वाटेत ह्यांची छाती हलते आहे की गाडीच्या धक्क्याने हलते आहे ते मला कळत नव्हतं. मी हात ठेवला तरी कळेना, कारण माझाच हात थरथरत होता.

दवाखान्यात तोंडाला नळी लावली. संध्याकाळी डॉक्टरांनी जेठांना विचारलं, "टाकी उघडल्यावर लगेच उतरला का?"

"नही साहेब, दिवा सोडेल व्हता."

"दिवा? दिवा कशाला?"

जेठांनी विहिरीचं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. डॉक्टर चांगला माणूस होता, रागावला नाही. म्हणाला, "काका, विहिरीतली खराब हवा दिवा विझवते. ही हवा दिवा विझवत नाही, माणूस विझवते. आधी वास येतो, मग नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. आणि त्या टाकीत पेटणारा गॅसही असतो. भडका उडाला नाही हे नशीब. दिवा सोडताना तुम्ही सगळे जवळच होतात ना?"

मी भिंतीशी बसले होते, पुन्हा डोक्यावर पदर घेऊन. लांब झालेली ती निळसर ज्योत मला दिसत होती. तिला पाहून मला धीर आला होता.

हे डोळे मिटून पडले होते. शुद्ध येत-जात होती. जेठ बाहेर गेल्यावर मी खाटेजवळ गेले. हलक्या आवाजात म्हटलं, "शे का?"

पापणी हलली. बऱ्याच वेळाने, नळीच्या आतून, ओठांनीच, "शे."

घरी आल्यावर ह्यांना खोकला राहिला, डोकं दुखायचं. आणि वास गेला. कशाचाच वास येत नाही, अजूनही नीट येत नाही. मिरचीच्या फोडणीने आम्ही सगळे ठसकतो आणि हे स्वस्थ ताटाची वाट पाहत बसतात. लोक आले की हे थट्टा करतात, "गल्लीमा मन्हाइतका सुखी कोनी नही, माले गटारना वास येत नही." सगळे हसतात. मी आत जाते. ज्याला वास येत नाही तो पुढच्या वेळी कसा ओळखेल, हे कुणाच्याच मनात येत नाही. हे न्हाणीत जास्त वेळ राहिले की मी दाराबाहेरून विचारते, "शे का?" आधी चिडायचे. आता उत्तर देतात.

जेठ आणि मी, आमचं पहिल्यासारखंच झालं. ते ओट्यावर खाकरतात, मी पदर घेते. मी त्यांना मिठी मारली होती हे घरात कुणी काढलं नाही. दवाखान्यातून आलो त्या दिवशी मी हात जोडून त्यांच्यासमोर उभी राहिले, रीतीप्रमाणे, स्पर्श झाला म्हणून. ते वळून अंगणात निघून गेले. मला वाटलं रागावले. सासूबाईंनी नंतर सांगितलं की ते गोठ्यात बसून रडत होते. फाटलेला सदरा त्यांनी शिवायला दिला नाही, टाकलाही नाही.

टाकी मुरूम टाकून बुजवली. घमेलं जेठांनीच उचललं, मजूर लावले नाहीत. नव्या लाइनीला जोडणी झाली, चर बुजला, वर काँक्रीट आलं. घाटावर फेस कमी झाल्याचं लोक सांगतात. मी जाऊन पाहिलं नाही. पण आमच्या दारासमोर, बरोबर उंबऱ्याच्या समोर, लाइनीचं चेंबर आलं, लोखंडी गोल झाकणाचं. आमच्या अंगणातली टाकी बुजली आणि सगळ्या गल्लीची टाकी माझ्या दारात आली, असं मला वाटलं. दुपारी सामसूम असली की झाकणाखालून खळखळ ऐकू येते. मुलगी त्या झाकणावर उभी राहून मैत्रिणींशी बोलते. मी तिला आत बोलावते.

श्रावणात नदी फुगली. पाणी मागे सरकलं आणि लाइनही तुंबली. एका सकाळी झाकणाच्या कडेने काळं पाणी वर यायला लागलं आणि गल्लीत पसरलं. माणसं जमली. कुणी म्हणे चिंधी अडकली, कुणी म्हणे माती बसली. नगरपालिकेत फोन केला तर गाडी दुसरीकडे गेली आहे, येईल म्हणाले. शेजारचे एकजण म्हणाले, "झाकन उचलीसन बांबू मारा, मोकळं व्हई जाई." आणि ह्यांनी ओट्याखालची पहार काढली.

मी दारातून पाहत होते. ह्यांचं चालणं तेच, बांधावरचं. पहार झाकणाच्या खाचेत घालायला हे वाकले. आत कुणी उतरणार नव्हतं, नुसतं झाकण उचलायचं होतं, हे मला कळत होतं. आमच्या अंगणातही आधी नुसती फरशीच उचलायची होती.

मी चप्पल न घालता बाहेर आले. गल्लीतले सगळे पुरुष तिथे होते, बायका ओट्यांवर. त्या काळ्या पाण्यातून गेले आणि झाकणावर उभी राहिले. पाणी घोट्यापर्यंत येत होतं, कोमट होतं. पदर घेतला आणि खाली पाहत उभी राहिले.

"अवं, सरक ना," हे म्हणाले.

मी हलले नाही.

"काय करी ऱ्हायनी? लोके देखी ऱ्हायनात."

कुणीतरी हसलं. शेजारचे म्हणाले, "वहिनी, झाकननी पूजा करतस का?" आणखी हसले. माझे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं माणसं म्हणतात, पण पायाखाली काय आहे ते मला ठाऊक होतं. मला तेवढंही म्हणवेना.

मग मागून खाकरल्याचा आवाज आला. जेठ ओट्यावर येऊन उभे होते.

"पहार ठी दे," ते ह्यांना म्हणाले. "ती हालनार नही. माले ठाऊक शे तिनी पकड."

त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि गाडी आणायला स्वतः नगरपालिकेकडे निघाले. पुरुष हळूहळू पांगले. सासूबाईंनी मुलीच्या हातून चहा पाठवला आणि मी तो झाकणावर उभी राहून प्यायले. वास इतका होता की चहाची चव कळली नाही. पण वास येत होता तोवर मला बरं वाटत होतं.

गाडी आली तेव्हा त्यातला माणूस म्हणाला, "ताई, व्हा बाजूला."

मी त्याच्याकडे पाहिलं. एरवी अनोळखी माणसाशी मी बोलत नाही, तरी विचारलं, "कुणी आत उतरणार का?"

"नाही. पाइप टाकणार. आत कुणी नाही जात."

मग मी झाकणावरून बाजूला झाले, पण घरात गेले नाही. ओट्याच्या खांबाला धरून, पाइप खाली जाऊन परत वर येईपर्यंत उभी राहिले. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पाणी ओसरायला लागलं तेव्हा ह्यांनी समोर बघतच, हळू आवाजात विचारलं, "शे का?"

"शे," मी म्हटलं. आमच्या घरात आता त्या हाकेला उत्तर द्यायला कुणी उशीर करत नाही.